गोलीचा हिशेब कसा मांडायचा

१० एप्रिल २०२३ ला सॅडलडोम या घरच्या मैदानावर आमचा कॅनडातला आइस हॉकी संघ, कॅल्गरी फ्लेम्स, नॅशव्हिलकडून शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर एकेका खेळाडूने एकट्याने गोलीवर शॉट मारायचा) ३-२ असा हरला आणि प्लेऑफचं, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचं, दार लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफी मशीनपाशी जो भेटेल तो एकच बोलत होता: गोलीने घालवलं. आदल्या वर्षी फ्लेम्सच्या ज्या गोलीला, जेकब मार्कस्ट्रॉमला, हीच मंडळी डोक्यावर घेऊन नाचत होती, त्याला आता सामानासकट विमानतळावर सोडून यायची सगळ्यांची तयारी होती.

गोली म्हणजे आइस हॉकीतला गोलरक्षक. आमच्या घरात हा शब्द रुळलाय, कारण माझा मुलगा गोली आहे. त्याची पॅडं तळघरात हीटरसमोर वाळत असतात आणि त्यांचा वास वर स्वयंपाकघरापर्यंत येतो. त्या वासापुढे लसणाची फोडणीसुद्धा हरते.

मी मूळची इचलकरंजीची. वडील मागावरून उतरलेलं कापड तपासायचे. दिव्याखालच्या टेबलावरून तागा सरकत यायचा आणि त्यांची बोटं भोक, गाठ, सुटलेला धागा शोधत फिरायची. ते म्हणायचे, भोक पडलं तर आधी माग बघा. पण भोक असलेला तागा गिऱ्हाइकाकडे गेला, तर तो माझ्या नावावर लिहा. मी इथे पाइपांचं वेल्डिंग तपासते, म्हणजे धंदा तोच, फक्त कापडाच्या जागी लोखंड आलं. गोली हा संघाचा शेवटचा तपासनीस. त्याच्या पाठीमागे नुसती जाळी. म्हणून त्याच्या हिशेबाला मी दोन रकाने ठेवते: भोक कुठे पडलं, आणि ते पुढे कसं गेलं. हे दोन रकाने एकत्र केले की कॉफी मशीनपाशी होते तशी चर्चा होते.

खाली लिहिलंय ते मी फ्लेम्सच्या २०२२-२३ च्या मोसमावर कसं केलं ते. तुमचा संघ दुसरा असेल तर नावं बदला. लांब वही, दोन रंगांची पेनं आणि दोन शनिवार-रविवार एवढं पुरतं.

पहिला आठवडा वही उघडू नका

हरल्यावर डोक्यात एखाददुसरा गोलच राहतो, आणि तोच सगळ्या मोसमाचा चेहरा होऊन बसतो. २४ मे २०२२ ची गोष्ट. एडमंटन ऑइलर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेचा चौथा सामना. आमच्या रास्मस अँडरसनने स्वतःच्या हद्दीतून, तेही संघाचा एक खेळाडू पेनल्टीत (शिक्षा म्हणून बाहेर) असताना, पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, नुसता पुढे भिरकावला. एकशेतीस-बत्तीस फुटांवरून तो पक एडमंटनचा गोली माइक स्मिथ याला चुकवून आत गेला आणि ३-३ झाले. आम्ही सोफ्यावर उड्या मारल्या. कॅल्गरीत आजही स्मिथचं नाव निघालं की तोच गोल निघतो. पण तो सामना ५-३ ने जिंकलं कोण? एडमंटन. मालिका? तीही ४-१ ने त्यांनीच. त्या एका गोलावरून स्मिथचा हिशेब मांडणारा तोंडावर पडला असता.

तेव्हा आठ दिवस जाऊ द्या. राग उतरला की वही.

जिंकले-हरले हा रकाना आधी खोडा

गोलीच्या नावापुढे तीन आकडे लिहायची इथली रीत आहे: जिंकलेले, हरलेले, आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेले सामने. त्या मोसमात मार्कस्ट्रॉमचे होते २३-२१-१२. त्याचा जोडीदार डॅन व्लादारचे १४-६-५. बघणारा लगेच म्हणणार, अरे, हा व्लादार भारी, यालाच खेळवायला हवा होता.

आता दुसरा आकडा बघा. आलेल्या शॉटपैकी अडवले किती? मार्कस्ट्रॉमने ८९.२ टक्के, व्लादारने ८९.४. म्हणजे दोघांचं काम जवळजवळ सारखं, पण एकाच्या सामन्यांत संघाने मिळवता येण्यासारख्या गुणांपैकी दोनतृतीयांश गुण मिळवले आणि दुसऱ्याच्या सामन्यांत जेमतेम निम्मे. हा फरक गोलीने केलेला नाही. समोर कोणता संघ होता आणि पुढच्या फळीने त्या रात्री किती गोल घातले, यातून तो आला. (हॉकीवाले ८९.२ टक्क्यांना .८९२ असं लिहितात. गोंधळू नका, गोष्ट एकच.)

गोलीने दर सामन्याला सरासरी किती गोल दिले हा आकडाही असतोच. तोही मी फक्त पेन्सिलने लिहिते. ज्याच्यावर रात्री वीस शॉट येतात आणि ज्याच्यावर पस्तीस, त्यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

टक्का किती, आणि कितीतला टक्का

आता जरा गणित, पण दुकानातल्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

त्या मोसमात अख्ख्या एनएचएलची, म्हणजे फ्लेम्स ज्या लीगमध्ये खेळतात तिची, सरासरी साधारण ९०.४ टक्के होती. ही सरासरी आधी शोधा, कारण ती हलते. २०१५-१६ च्या सुमाराला ती ९१.५ होती. तेव्हाचा ठीकठाक गोली आजच्या आकड्यांत हिरो दिसेल. जुन्या मापाने आजचं कापड मोजायचं नाही.

मार्कस्ट्रॉमवर मोसमात ढोबळमानाने दीड हजार शॉट आले. सरासरी गोलीने त्यातले १४४ सोडले असते. ८९.२ च्या दराने होतात १६२. फरक १८ गोलांचा. हॉकीत ढोबळ हिशेब असा की सहा गोल म्हणजे एक विजय, आणि एका विजयाचे दोन गुण. म्हणजे अठरा गोलांचे सहा गुण. फ्लेम्सचे गुण झाले ९३ आणि प्लेऑफची शेवटची जागा मिळवणाऱ्या विनिपेगचे ९५. घ्या! कॉफी मशीनवाले बरोबरच निघाले की.

थांबा. वडील एक तागा बघून माग बंद पाडायचे नाहीत. नाणं शंभरदा उडवलं तर बरोबर पन्नास छापे येत नाहीत, तसंच अगदी सरासरी कुवतीचा गोली दीड हजार शॉटवर नेमके १४४ गोल देत नाही. नुसत्या नशिबाने हा आकडा अकरा-बारा इकडे किंवा तिकडे सहज जातो. तीनातल्या दोन मोसमांत तो १३२ ते १५६ च्या आत राहील, तिसऱ्यात बाहेर पडेल. १६२ हा त्याच्याही बाहेरचा, पण फार लांबचा नाही. म्हणून माझ्या वहीत मी लिहिलं: खराब मोसम, नक्की; संपलेला गोली, सिद्ध नाही. व्लादारवर तर निम्म्याहून कमी शॉट आले, त्यामुळे त्याच्या टक्केवारीवर मी काहीच बोलू नये, आणि दोघांतल्या ०.२ च्या फरकावर तर मुळीच नाही.

यावर उतारा एकच, मागची पानं उलटणं. मार्कस्ट्रॉमचे आधीचे मोसम ओळीने लिहा: २०१९-२० ला व्हँकुव्हरकडून ९१.८, मग कॅल्गरीत २०२०-२१ ला ९०.४, २०२१-२२ ला ९२.२, आणि आता ८९.२. या रांगेकडे जरा लांबून बघा. २०२१-२२ मध्ये त्याने नऊ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता आणि लीगमधल्या सर्वोत्तम गोलीच्या व्हेझिना करंडकासाठी तो दुसरा आला होता. ते वर्ष त्याच्या नेहमीच्या पातळीच्या वरचं होतं, हे खालचं. आपण नेमकी त्या दोन वर्षांची तुलना करत होतो, म्हणजे डोंगराच्या टोकावरून विहिरीत बघत होतो.

व्हिडिओ कुठे थांबवायचा

खरं काम आता. एनएचएलच्या साइटवर प्रत्येक गोलाची छोटी क्लिप मिळते. मार्कस्ट्रॉमवर दीडशेच्या वर गोल झालेत. एकेका गोलाला मिनिट धरलं तरी तीन तासांत होतात. दोन बैठकांत करा. डोळे दमले की सगळेच गोल गोलीची चूक वाटायला लागतात, हा माझा अनुभव. आवाज बंद ठेवा. समालोचकाच्या आवाजातला चढउतार तुमचं मत आधीच बनवून टाकतो.

पक काठीवरून सुटतो त्या क्षणी क्लिप थांबवा. गोल होताना नाही, त्याच्या आधी. तिथे वडिलांची बोटं कापडावर फिरायची तशी माझी नजर चार ठिकाणी फिरते. गोलीचे स्केट निळ्या रंगाच्या अर्धवर्तुळात कुठे आहेत: टोकाशी, मध्यावर की पार गोलरेषेवर? जितका मागे, तितकी जाळी उघडी. त्याची छाती पककडे आहे की पासाच्या जुन्या जागेकडे? तो स्थिर उभा आहे की अजून सरकतोय? सरकत्या गोलीचे पाय उघडे असतात आणि पक नेमका तिथून जातो. आणि चौथी गोष्ट, जी टीव्हीच्या बाजूच्या कॅमेऱ्यातून कळतच नाही, म्हणून जाळीमागचा कॅमेरा शोधायचा: त्याला पक दिसत होता का? समोर दोन धिप्पाड माणसं उभी असतील तर सहा फूट सहा इंचांचा मार्कस्ट्रॉमसुद्धा आंधळा असतो.

मग क्लिप पुढे सोडायची आणि वहीत तीन शिक्क्यांपैकी एक मारायचा. 'अडवायलाच हवा होता.' 'अडवला असता तर टाळ्या.' 'कुणाच्या बापाला अडला नसता.' चौथा शिक्का ठेवू नका, 'मधलाच' नावाच्या रकान्यात सगळं जाऊन पडतं.

एका तऱ्हेचा गोल वेगळ्या पेनने लिहायचा. आक्रमण करणारा जाळीच्या अगदी बाजूने, जवळजवळ गोलरेषेवरून येतो. आजकालचे गोली तेव्हा एक गुडघा बर्फावर टेकून अंगाने खांबाला चिकटतात. खालची बाजू भिंतीसारखी बंद होते, पण खांदा आणि वरचा दांडा यांच्यात वीतभर फट राहते. नेमबाज आता त्या फटीवरच टपलेले असतात. गोली फार लवकर गुडघ्यावर गेला की तो गोल माझ्या पहिल्या शिक्क्यात जातो, शॉट कितीही देखणा असला तरी. लवकर खाली बसणं ही सवय आहे, आणि सवय प्रशिक्षक सोडवू शकतो. म्हणून हे गोल वेगळे मोजायचे: पुढच्या वर्षी सुधारण्यासारखं काय आहे ते यातून कळतं.

शिक्के मारायला दुसरं माणूस हवंच. मी आणि मुलगा वेगवेगळ्या खोल्यांत बसतो आणि नंतर ताडून बघतो. मी जिथे पहिला शिक्का मारते तिथे तो पुष्कळदा तिसरा मारतो. एकदा चिडून म्हणाला, "आई, तू जाळीसमोर उभी राहून बघ एकदा. पास आडवा गेला ना, की मान वळवून पक शोधायलाच वेळ जातो." त्याचं खरं होतं. त्याच्या एका सामन्यात, सकाळी सात वाजता, उणे पंचवीसमध्ये गाडी गरम करून आम्ही गेलो होतो, त्याला सहा गोल झाले. स्टँडमधले एक बाबा मोठ्याने 'गोली बदला' म्हणाले. त्या सहांतले चार आडव्या पासावरचे होते: पक डावीकडून उजवीकडे, आणि आमचा डिफेन्स दोघंही डावीकडेच उभे. स्कोअरशीटवर फक्त सहा लिहिलेलं असतं.

या आडव्या पासाला गोलींच्या दुनियेत नाव आहे. जुना एनएचएल गोली स्टीव्ह व्हॅलिकेटने जाळीच्या मध्यापासून मैदानाच्या मधोमध एक रेघ कल्पिली आणि तिला 'रॉयल रोड' म्हटलं. शॉटच्या आधी पास ती रेघ ओलांडून गेला, तर गोल होण्याची शक्यता कितीतरी वाढते, कारण गोलीला अख्खं अंग नव्याने मांडावं लागतं. तेव्हा प्रत्येक गोलापुढे एक बारीक खूण करा: रेघ ओलांडली की नाही.

आणि आता जी चूक मी पहिल्या वर्षी केली, ती करू नका. मी फक्त गोलच बघितले. नुसता बाद माल बघून कारखाना कसा चालतोय ते कळत नाही. पास झालेला मालही बघावा लागतो. मोसमातले पाच सामने निवडा, दोन जिंकलेले, दोन हरलेले, एक कसाही, आणि पूर्ण बघा. अडवलेल्या शॉटनंतर पक कुठे जातोय? कोपऱ्यात, हातमोज्यात, की परत समोरच्याच्या काठीवर? रिबाउंड पुन्हा पुन्हा समोर पडत असेल तर टक्केवारी चांगली असली तरी सांभाळून. उलट, गोल कितीही झाले असोत, ज्या रात्री तो शांत दिसतो, शॉटच्या आधीच जागेवर असतो, त्या रात्री त्याचं काम ठीक होतं.

मागाकडे

माग म्हणजे गोलीपुढचा बाकीचा संघ. इथे मी भराभर जाते, कारण हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी एप्रिलात कुणाला आठवत नाही. जुलै २०२२ मध्ये पुढच्या फळीतले दोघे गेले: जॉनी गॉड्रो कोलंबसला गेला, मॅथ्यू टकाचकची फ्लोरिडाशी अदलाबदल झाली. त्या सौद्यात आलेला जोनाथन ह्युबर्डो आदल्या वर्षी ११५ गुणांवर (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि गोलांना केलेली मदत) होता, इथे ५५ वर आला. डिफेन्समधला ऑलिव्हर किलिंग्टन अख्खा मोसम खेळला नाही, एरिक गुडब्रँसन संघ सोडून गेला होता. सतरा सामने जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हातचे गेले, आणि शूटआउट तर सेव्ह टक्केवारीत धरलाही जात नाही.

एक गोष्ट मात्र फसवते. समोरच्याला कमीत कमी शॉट घेऊ देणाऱ्या संघांत फ्लेम्स वरच्या रांगेत होते. म्हणजे गोलीला आराम, मग गोल का होतात, असा सवाल येतो. पण लांबून येणारे सोपे पंधरा शॉट डिफेन्सने आधीच मारून टाकले, तर गोलीपर्यंत पोचतात ते उरलेले अवघड. टक्केवारी आपोआप खाली येते. हे तपासायला 'अपेक्षित गोल' नावाचं माप आहे. मनीपक नावाच्या साइटवर फुकट बघता येतं. शॉट कुठून, कोणत्या कोनातून, रिबाउंडवर होता का, यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात आणि गोलीने प्रत्यक्षात त्याहून किती जास्त किंवा कमी दिले ते सांगतात. त्याचा वापर करा, पण डोळे मिटून नको. शॉटच्या आधीचा पास या आकड्यांना दिसत नाही, आणि समोर उभी माणसंही नाहीत. म्हणून तर आपण ती बारीक खूण केली.

माझ्या वहीत शेवटी उतरलं ते असं: माग बिघडलेला होता, पण तपासणाऱ्याच्या नावावरही थोडे तागे होतेच. पहिल्या शिक्क्याचे गोल मोसमाच्या पहिल्या निम्म्यात जास्त दाटले होते. खुद्द मार्कस्ट्रॉमने त्याच सुमाराला एक सामना हरल्यावर पत्रकारांसमोर स्वतःच्याच खेळाला नावं ठेवली होती. ज्याला आपली चूक दिसते त्याच्याविषयी माझं मत जरा मऊ होतं, हा माझा दोष समजा.

तिसरं पान रिकामं ठेवू नका

मुख्य संघाचे दोन गोली झाले की खालच्या संघातल्याचं पान उघडा. २०२२ पासून फ्लेम्सचा दुय्यम संघ, रँग्लर्स, कॅल्गरीतच आणि त्याच सॅडलडोममध्ये खेळायला लागला. तिकीट स्वस्त, जाळीमागे जागा मिळते. तिथे आम्ही डस्टिन वुल्फ बघितला. सहा फुटांचा, गोलींच्या जगात बुटकाच. म्हणून २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, २१७ पैकी २१४ व्या क्रमांकावर गेला. रँग्लर्सकडून त्या मोसमात त्याने ९३.२ टक्के शॉट अडवले आणि एएचएल या अख्ख्या दुय्यम लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १२ एप्रिलला, मोसम संपता संपता, त्याला सॅन होजेविरुद्ध एक एनएचएल सामना मिळाला. तो ३-१ ने जिंकला.

मी वहीत दणकून लिहिलं: ऑक्टोबरपासून वुल्फच. मार्कस्ट्रॉम ठेवा, तो ९०.५ च्या आसपास परत येईल, पण मुख्य गोली वुल्फ.

यातलं अर्धं बरोबर आलं. २०२३-२४ मध्ये मार्कस्ट्रॉम बरोबर ९०.५ वर आला. वुल्फला सतरा सामने मिळाले आणि त्यात त्याचा आकडा ८९.३, म्हणजे ज्या आकड्यावरून आम्ही मार्कस्ट्रॉमला विमानतळावर सोडायला निघालो होतो जवळपास तोच. दुय्यम लीगमधले ९३ टक्के वरच्या लीगमध्ये तसेच उतरत नाहीत, आणि सतरा सामन्यांवरून वुल्फला नापास करणंही तितकंच चूक. दोन्ही गोष्टी मी आधीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या आणि विसरले होते. म्हणून आता निकालाच्या ओळीखाली मी आणखी एक ओळ लिहिते: 'हे मत किती शॉटांवर बेतलंय?' वुल्फच्या नावापुढे त्या एप्रिलात लिहायला हवं होतं, एनएचएलचा एक सामना.

वय आणि करारही तिथेच लिहायचे. मार्कस्ट्रॉम तेव्हा ३३ चा, वर्षाला ६० लाख डॉलर, अजून तीन वर्षं बाकी. क्रेग कॉनरॉय नवे जनरल मॅनेजर झाले, त्यांनी लगेच घाई केली नाही. मार्कस्ट्रॉमला सावरू दिलं आणि १९ जून २०२४ ला न्यू जर्सीला देऊन डिफेन्समधला केविन बाल आणि ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड घेतली. एप्रिल २०२३ मध्ये विकला असता तर भंगाराच्या भावात गेला असता.

२०२४-२५ मध्ये वुल्फ २९-१६-८, अडवले ९१ टक्के, सर्वोत्तम नवोदिताच्या काल्डर करंडकासाठी दुसरा. फ्लेम्सचे ९६ गुण झाले, सेंट लुइसचेही ९६, आणि बरोबरी सोडवायच्या नियमात आम्ही पुन्हा बाहेर. आठ दिवसांनी वही काढली. मुलगा पेन घेऊन आधीच बसला होता. गोलीच्या पानावर अर्ध्या तासात लिहायचं संपलं. गोल घालण्यात संघ लीगच्या तळाशी होता. मी पान उलटून वर 'फॉरवर्ड' असं लिहिलं आणि त्याला म्हटलं, ह्युबर्डोपासून सुरू कर.